भिंगाचे विरूपण : चित्रभाषेतील अतिशयोक्तीचा अभ्यासपाठ

१. प्रास्ताविक

घासून लख्ख केलेल्या स्टीलच्या तांब्यात तोंड पाहिले की नाक पुढे येते, कान मागे पळतात आणि मागची सरळ भिंत कमानीसारखी वाकते. जत्रेतल्या लांब-बुटके करणाऱ्या आरशांसमोर उभे राहून आपण सगळेच कधी ना कधी हसलो आहोत. तांब्याचे आणि त्या आरशांचे हे काम आता मोबाइलची रुंद लेन्स करते. बोथसारख्या सीमेवरच्या गावातही मराठी, तेलुगू, गोंडी आणि लंबाडी बोलणाऱ्या तरुणांच्या हाती असा कॅमेरा आहे. लग्न, जत्रा, शेत आणि नाच यांचे चित्रण करता करता काही जण लघुपटाकडे वळतात. तेव्हा रूप वाकवणारी भिंगे त्यांना हमखास मोहात पाडतात, कारण त्यांचा परिणाम ताबडतोब दिसतो.

मात्र परिणाम दिसणे आणि अर्थ पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रूप वाकवणारे भिंग नेमके काय करते, त्याचा विचारपूर्वक वापर कोणी व कसा केला आणि ते कधी वापरावे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. भाषेच्या नियतकालिकात हा विषय घेण्याचे कारण पुढे स्पष्ट होईल. भिंगाने केलेला बदल ही चित्रपटाच्या भाषेतली अतिशयोक्ती आहे आणि अतिशयोक्तीचे नियम भाषेच्या अभ्यासकाला नवे नाहीत.

२. शब्दांचा प्रश्न

प्रथम शब्द ठरवू. भिंगामुळे प्रतिमेचा आकार बदलतो, त्याला काही वेळा ‘विकृती’ म्हटले जाते. शास्त्रात हा शब्द चालेल, पण रोजच्या मराठीत ‘विकृत’ हे दूषण आहे. विकृत मनोवृत्ती, विकृत चाळे असे प्रयोग आपण ऐकतो. त्यामुळे ‘हे भिंग विकृती निर्माण करते’ असे म्हणताच भिंग सदोष आणि ते वापरणारा दोषी असा ग्रह होतो. या पाठात ‘विरूपण’ हा शब्द वापरला आहे. ‘विरूप’ या शब्दालाही कुरूपतेची छटा आहे हे खरे, पण ‘विरूपण’ म्हटल्यावर एक क्रिया डोळ्यांसमोर येते. कोणीतरी, काही हेतूने, रूप बदलत आहे असा त्याचा अर्थ होतो आणि आपल्याला हाच अर्थ हवा आहे.

बाकीचे बरेचसे शब्द शाळेतच मिळतात. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात भिंगांवर स्वतंत्र पाठ आहे. बहिर्वक्र, अंतर्वक्र, नाभी, नाभीय अंतर हे शब्द त्यातून मुलांच्या कानांवर पडलेले असतात. चित्रीकरणाच्या जागी मात्र सगळे ‘लेन्स’च म्हणतात. लेन्स म्हणावे की भिंग, हा वादाचा विषय नाही. दुकानात लेन्स मागावी आणि तिचे काम समजावताना भिंग म्हणावे, इतकी मोकळीक भाषेत असावी.

३. विरूपण कसे घडते

विरूपणाचे चार प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. त्यांची सरमिसळ झाली की नको ते उपकरण विकत घेतले जाते.

(अ) अंतरामुळे होणारे विरूपण. रुंद भिंगाने काढलेल्या चेहऱ्याचे नाक मोठे दिसते तेव्हा आपण भिंगाला बोल लावतो. खरे कारण अंतर हे आहे. समजा, कानापासून नाकाचा शेंडा १२ सेंटिमीटर पुढे आहे. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ सेंटिमीटरवर असतो. या दोन अंतरांचे गुणोत्तर १.४ येते, म्हणजे कानाच्या तुलनेत नाक ४० टक्के मोठे उमटते. तोच कॅमेरा ३ मीटरवर नेला तर ही अंतरे ३०० आणि ३१२ सेंटिमीटर होतात आणि फरक जेमतेम ४ टक्के उरतो. रुंद भिंग आपल्याला चेहऱ्याजवळ जायला लावते, एवढाच त्याचा दोष.

(आ) सरळ रेषा वाकणे. चौकटीच्या मध्यापासून कडेकडे जाताना भिंगाची मोठे करण्याची शक्ती बदलत असेल तर सरळ रेषा वाकतात. कडेला ही शक्ती कमी झाली तर चौकोन पिंपासारखा फुगतो, वाढली तर उशीसारखा आत दबतो आणि त्याचे कोपरे बाहेर ओढले जातात. पहिल्याला पिंपविरूपण आणि दुसऱ्याला उशीविरूपण म्हणता येईल. इथे अंतराचा संबंध नाही. हा भिंगाच्या रचनेचाच गुण आहे.

(इ) मत्स्यनेत्री भिंग, म्हणजे बाजारातले ‘फिश-आय’. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला पृष्ठभागावरचे सगळे जग एका वर्तुळात मावलेले दिसते. रॉबर्ट वुड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०६ साली अशा दृश्याचा अभ्यास मांडला आणि हे नाव रूढ झाले. पुढे १९२४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये रॉबिन हिल यांनी सगळे आभाळ एकाच छायाचित्रात टिपणारे भिंग सिद्ध केले. त्याचा हेतू ढगांच्या नोंदी घेण्याचा होता. कलेत आज जे विरूपण म्हणून मिरवते, ते हवामानशास्त्रात मोजमापाचे साधन होते.

मत्स्यनेत्री भिंगात रेषा वाकणे अपरिहार्य का असते, हे गणिताने चटकन समजते. नाभीय अंतर १० मिलिमीटर धरू. रेषा सरळ ठेवणाऱ्या साध्या भिंगात, मध्यापासून ४५ अंशांवरची वस्तू चित्रात मध्यापासून १० मिलिमीटरवर उमटते, ६० अंशांवरची १७.३ मिलिमीटरवर आणि ८० अंशांवरची ५६.७ मिलिमीटरवर. ९० अंशांना तर हे अंतर अनंत होते. म्हणजे रेषा सरळ ठेवून १८० अंशांचे दृश्य कोणत्याही चौकटीत मावणार नाही. अंतर कोनाच्या प्रमाणात वाढवणाऱ्या मत्स्यनेत्री भिंगात हेच आकडे ७.९, १०.५ आणि १४ मिलिमीटर असे येतात आणि ९० अंशांना १५.७ मिलिमीटरवर काम भागते. सगळे दिसावे यासाठी सरळपणा सोडावा लागतो. ही देवाणघेवाण लक्षात राहिली की या भिंगाचा अर्थही लक्षात राहतो.

(ई) एका दिशेने दाबणारे भिंग. हे भिंग रुंदी दाबते पण उंचीला हात लावत नाही. फ्रान्सच्या आंरी क्रेतिएँ यांनी १९२० च्या दशकात अशी रचना सिद्ध केली. १९५३ साली ‘द रोब’ या चित्रपटाबरोबर ती ‘सिनेमास्कोप’ नावाने जगभर गेली. चित्रण करताना रुंदी निम्मी दाबायची आणि पडद्यावर टाकताना ती पुन्हा दुप्पट पसरायची, असा हा व्यवहार. आपल्याकडे गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ (१९५९) या चित्रपटासाठी छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी हे तंत्र वापरले. पसरून मूळ रूप परत आणले तरी काही खुणा उरतात. दूरचे अस्पष्ट दिवे अंडाकृती दिसतात आणि तीव्र प्रकाशाच्या आडव्या रेघा उमटतात. प्रयोगशील छायालेखकांना आता या खुणांचेच आकर्षण वाटते.

४. पुण्यातील परंपरा

मराठी चित्रपटाला हा विचार परका नाही. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. त्याच वर्षी ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी व्ही. शांताराम जर्मनीला गेले आणि तिथली चित्रविद्या त्यांनी जवळून पाहिली. परतल्यावर पुण्यात केलेला ‘अमृतमंथन’ (१९३४) मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघाला. नरबळी आणि पशुबळी बंद करणारा राजा आणि त्याच्या विरोधात उभा ठाकलेला राजगुरू, असा त्याचा संघर्ष आहे. मराठीत केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन यांनी राजगुरूची भूमिका केली. दूरदर्शी भिंगाने घेतलेले, पडदा व्यापणारे राजगुरूच्या डोळ्याचे दृश्य आजही या चित्रपटाची ओळख आहे. तिथे रेषा वाकत नाहीत. तरी माणसाच्या शरीरातून एक अवयव वेगळा काढून तो माणसापेक्षा मोठा करणे ही अतिशयोक्तीच आहे. राजगुरूची सत्ता त्याच्या नजरेत आहे, म्हणून मोठा झाला तो डोळा. कान किंवा हात मोठा करून हा अर्थ साधला नसता.

‘कुंकू’ (१९३७) मध्ये विरूपणाचे साधन भिंग नसून आरसा आहे. म्हातारपणी कोवळ्या मुलीशी लग्न करणाऱ्या काकासाहेबांची भूमिका केशवराव दाते यांची, तर या लग्नाला मान न देणाऱ्या नीराची शांता आपटे यांची. फुटलेल्या आरशात काकासाहेबांच्या एका चेहऱ्याचे अनेक चेहरे होतात. आरसा घरातलाच आहे, फुटण्याला कथेत जागा आहे आणि पाहणारे स्वतः काकासाहेब आहेत. त्यामुळे ‘ही कॅमेऱ्याची करामत’ असे प्रेक्षकाला वाटत नाही. म्हाताऱ्याचे मन आतून तडकले, एवढेच त्याला कळते.

प्रभात बंद पडल्यानंतर त्याच जागेत १९६० साली चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिथे शिकलेले मणी कौल यांनी ‘उसकी रोटी’ केला तेव्हा त्यांनी आणि छायालेखक के. के. महाजन यांनी स्वतःवर एक बंधन घातले. भिंगे दोनच वापरायची, एक २८ मिलिमीटरचे आणि दुसरे ७५ मिलिमीटरचे. पहिल्यात जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट दिसते, तर दुसऱ्यात एक पातळी स्पष्ट राहून बाकीचे विरघळते. एक भिंग प्रत्यक्षासाठी आणि दुसरे वाट पाहणाऱ्या बाईच्या मनातल्या चित्रांसाठी, अशी वाटणी करून पुढे ती वाटणी त्यांनी उलटवली. ही दोन्ही भिंगे रूप वाकवणारी नाहीत. तरी विरूपण शिकू पाहणाऱ्याने हा चित्रपट आधी अभ्यासावा. साधने किती आहेत याला महत्त्व नसते, नियम किती पक्का आहे याला असते, हा धडा त्यात आहे.

५. बाहेरचे काही दाखले

फ्रान्सच्या आबेल गान्स यांनी १९१५ सालीच रूप वाकवणारे आरसे वापरून ‘डॉक्टर ट्यूबचे वेड’ हा छोटा चित्रपट केला. एका डॉक्टरच्या पुडीने पाहणाऱ्यांना सगळे जग वेडेवाकडे दिसू लागते, ही त्याची कल्पना. विरूपणाचे कारण गोष्टीतच दिले आहे.

अमेरिकेतील ‘सेकंड्स’ (१९६६) हा चित्रपट नवा चेहरा आणि नवे आयुष्य विकत घेणाऱ्या एका प्रौढ माणसाचा आहे. छायालेखक जेम्स वाँग हाऊ यांनी त्यात ९.७ मिलिमीटरचे अतिरुंद भिंग चेहऱ्याच्या अगदी जवळ नेले. आपलाच चेहरा आपला राहिलेला नाही, ही त्या माणसाची भीती. ती संवादाआधी भिंगाने सांगितली.

रशियाच्या अलेक्सांद्र सोकुरोव्ह यांच्या ‘आई आणि मुलगा’ (१९९७) या चित्रपटात मरणाला टेकलेली आई आणि तिला सांभाळणारा मुलगा आहेत. तिथली शेते, वाटा आणि माणसे रंगवलेल्या काचा, आरसे आणि खास भिंगे यांतून तिरपी, ओढलेली दिसतात. इथे कोणी वेडा नाही की नशेत नाही. दुःखाने वेळ जसा ताणला जातो, तसे रूप ताणले आहे. मेक्सिकोच्या कार्लोस रेगादास यांनी २०१२ सालच्या आपल्या चित्रपटात बाहेरच्या दृश्यांसाठी असे भिंग वापरले, की मध्यभाग स्वच्छ राहतो आणि कडेच्या प्रतिमा दुहेरी होतात. पद्धती निरनिराळ्या असल्या तरी या सर्वांमध्ये एक गोष्ट समान आहे. भिंग कधी बदलायचे आणि कधी नाही, याचा प्रत्येकाने आधीच निर्णय केला आहे.

६. नजर कोणाची?

आता अतिशयोक्तीकडे येऊ. ‘काल रात्री आभाळ फाटलं’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्याला कोणी खोटारडे म्हणत नाही. बोलणारा कोण आणि त्याचे काय गेले, हे ऐकणाऱ्याला माहीत असते. तेच वाक्य पंचनाम्यात चालणार नाही. तिथे पाऊस मिलिमीटरमध्येच लिहावा लागतो. अतिशयोक्तीला बोलणारा लागतो, तसा विरूपणाला पाहणारा लागतो. म्हणून वाकवणारे भिंग लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : ही नजर कोणाची? पात्राची असेल, तर ते पात्र कोणत्या अवस्थेत आहे हे प्रेक्षकाला कळले पाहिजे. कथा सांगणाऱ्याची असेल, तर ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुसंगत हवी. कोणाचीच नसेल, तर साधे भिंग लावावे.

हा प्रश्न आपल्या भागात अधिक गंभीर आहे. दिवाळीच्या सुमारास राज गोंडांची दंडारी गावोगाव फिरते. मोरपिसांचा भव्य टोप घातलेले, अंगाला राख फासलेले गुसाडी नाचतात. ही शोभेची करमणूक नाही, तो धर्माचरणाचा भाग आहे. मार्लवाई गावचे गुसाडी कलावंत कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, त्यामुळे हा नाच देशभर पोहोचला आणि कॅमेरेही वाढले. अशा वेळी अतिरुंद भिंग गुसाडीच्या तोंडाजवळ नेले की टोप लहान, नाक मोठे आणि डोळे बटबटीत दिसतात. पाहणारा हसतो. इथे नजर कोणाची? नाचणाऱ्याची नाही, त्याच्या देवाचीही नाही. ती परक्या गंमतखोराची आहे आणि तिने एका समाजाचे व्यंगचित्र काढले आहे. ‘विकृती’ हा शब्द वापरायचाच असेल तर तो अशा ठिकाणी वापरावा.

याच मार्लवाईत १९४० च्या दशकात क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हैमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ राहिले. राज गोंडांवरचा त्यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी काढलेली छायाचित्रे आणि १६ मिलिमीटरच्या फिती आज त्या काळाच्या नोंदी म्हणून पाहिल्या जातात. नोंद करणाऱ्याला साधेच भिंग हवे, कारण पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला टोपाची खरी उंची आणि रिंगणाचा खरा घेर कळला पाहिजे. प्रयोग करणाऱ्याची गरज वेगळी असते. एकाच दिवशी दोन्ही कामे करायची असतील, तर नोंद आधी करावी आणि प्रयोग नंतर. प्रयोगासाठी भिंग नाचणाऱ्यावर रोखण्याऐवजी गुसाडीच्या जागी उभे राहून बाहेर वळवता येते. रिंगणातून गरगर फिरताना भोवतालची गर्दी कशी वाकून दिसत असेल, हे दाखवता येते. भिंग तेच राहते. त्याची दिशा बदलली की नजरेचा मालक बदलतो. त्यासाठीही नाचणाऱ्यांची परवानगी घेतलीच पाहिजे.

७. स्वाध्याय

पुढील प्रयोगांना मोबाइल पुरेसा आहे. अनेक मोबाइलमध्ये रुंद लेन्सच्या वाकलेल्या रेषा आपोआप सरळ केल्या जातात. ही सोय बंद करता येत असेल तर आधी बंद करावी. कोणतेही भिंग सूर्याकडे रोखू नये.

१) एकाच व्यक्तीचा चेहरा ३० सेंटिमीटरवरून आणि ३ मीटरवरून टिपा. दुसऱ्या वेळी झूम करून चेहरा पहिल्याइतकाच मोठा ठेवा. दोन्ही चित्रांत नाकाची रुंदी आणि दोन कानांमधले अंतर मोजून त्यांचे प्रमाण काढा.

२) चौकोनी फरशी किंवा पट्टेरी सतरंजी रुंद लेन्सने सरळ समोरून टिपा. कडेची रेषा मध्यापाशी किती वाकली हे पट्टी ठेवून मोजा. पिंपविरूपण आहे की उशीविरूपण, ते ठरवा.

३) काचेच्या सरळ उभ्या पेल्यात पाणी भरून त्यातून मागचे दृश्य टिपा. पाण्याचा पेला एकाच दिशेने वाकवतो. उंची जवळजवळ तशीच राहून रुंदी बदलते आणि वस्तू दूर नेली की डावे-उजवे उलटते. एका दिशेने दाबणाऱ्या भिंगाचे हे घरगुती रूप आहे.

४) दाराला बसवायचे ‘बाहेर कोण’ हे पाहण्याचे भिंग दुकानात मिळते. ते मोबाइलच्या लेन्ससमोर धरून पोचेराच्या धबधब्याजवळचा कातळ, कठड्यापासून सुरक्षित अंतर राखून, टिपा. नंतर तोच देखावा साध्या लेन्सने टिपा. धबधब्याची रुंदी कोणत्या चित्रात खरी वाटते आणि आवाजाची आठवण कोणत्या चित्रात येते, यावर पाच ओळी लिहा.

५) एक मिनिटाची कथा करा. बोथकडचा शेतकरी आदिलाबादच्या बाजार समितीत कापूस घेऊन जातो. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कापला जातो आणि त्याहून ओला कापूस घेतला जात नाही. ओलावा मोजणारे यंत्र कापसात खुपसले जाते. आकडा दिसेपर्यंत सगळी दृश्ये साध्या लेन्सने घ्या. आकडा दिसल्यानंतर वाकलेले दृश्य एकदाच वापरा. मात्र शेतकऱ्याचा चेहरा वाकवू नका. त्याला दिसणारे आवार, काटा आणि गाड्यांची रांग वाकवा. मग तीच कथा उलट करून, म्हणजे चेहरा वाकवून, पुन्हा बनवा. दोन्ही कथा अनोळखी माणसांना दाखवा आणि कुठे हसू आले, कुठे पोटात खड्डा पडला, ते टिपून घ्या.

८. समारोप

रूप वाकवणारी भिंगे महाग असोत की घरगुती, त्यांचे काम मोजता येते. अंतर, कोन आणि नाभीय अंतर यांचा हिशेब शाळेतल्या विज्ञानाने जमतो. नजरेचा हिशेब मात्र ज्याचा त्याने करायचा असतो आणि त्यासाठी भाषेचे शिक्षण उपयोगी पडते. आपल्या मुलांना अतिशयोक्ती कुठे शोभते आणि कुठे खोटी पडते हे मराठीच्या तासाला शिकवले जाते. तोच धडा त्यांच्या हातातल्या कॅमेऱ्यापर्यंत नेणे हे शिक्षकांचे पुढचे काम आहे. ज्या गावात चार भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात, तिथे दुसऱ्याचे रूप आपल्या भिंगातून कसे दिसते याची जाणीव सर्वांनाच हवी.